बारापेडेची वटवाघळे आणि वेळासची कासवे

मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये सस्तन प्राण्यांच्या पाहणीचे मोठे काम हाती घेतले, आणि तिच्या ओघात तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहांत एक अपरिचित वटवाघूळ हाती लागले. 1913 मध्ये ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले व वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले. शेपटीचा मोठा भाग पंखांमधल्या पडद्याबाहेर मोकळा राहणाऱ्या कुळातील हा कीटकभक्षी प्राणी असून, त्याचे मोठे कान कपाळावर परस्परांना जोडलेले व मुस्कटावर पुढे झुकलेले असतात. पुढे मेघालय आणि कंबोडियातही तो आढळला; मात्र त्याआधी कित्येक दशके या गुहा हेच त्याचे एकमेव ज्ञात वसतिस्थान होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर येणारे ऑलिव्ह रिडले कासव जगभरच्या उष्ण समुद्रांत आढळते. तरी अंडी घालण्यासाठी मादीला वाळूवर यावेच लागते, आणि मागच्या पायांनी खणलेल्या खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालून, वाळू अंगाने दाबून ती परतली की त्या घरट्याला कोणी राखणदार उरत नाही. कोल्ह्याकुत्र्यांनी ते उकरावे आणि माणसांनी अंडी नेऊन खावी वा विकावी, हा क्रम 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही चालू राहिला. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेतले, अंडी कुंपणाच्या आत हलवून उबवण्याची व्यवस्था केली, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या घरगुती निवासातून गावाला उत्पन्नही मिळू लागले.

पिढी वाढवण्यासाठी ठरावीक जागेवर अवलंबून राहणे हे दोन्ही प्राण्यांचे समान दुबळेपण आहे. जपणुकीची रीत मात्र उलट आहे. कासवाला किनाऱ्यावर माणसाचा पहारा लाभदायक ठरला, तर एका विणीत बहुधा एकच पिल्लू देणाऱ्या वटवाघळाला गुहेतील वर्दळ, उजेड आणि धूर यांपासून दूर ठेवणे हीच खरी मदत होय. 2011 मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यामुळे बारापेडेच्या परिसराला कायद्याचे कवच मिळाले; परंतु वेळासने दाखवून दिल्याप्रमाणे कायदा टिकतो तो स्थानिकांच्या आस्थेवर, आणि ज्याच्या दर्शनाचा उत्सव करता येत नाही अशा प्राण्याविषयीही ती आस्था निर्माण करणे, हे संवर्धनाचे अधिक कठीण व म्हणूनच अधिक निकडीचे कर्तव्य आहे.