भोकरदनची बाई इटलीत



इटली देशात नेपल्स नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथल्या मोठ्या संग्रहालयात हस्तिदंताची एक बाई उभी आहे. उंची जेमतेम एक वीत. हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायात जाड वाळे, कमरेला मेखला. दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या दोन मुली. तिच्या डोक्यात भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा चौरंगाचा पाय असावी, असं जाणकार म्हणतात.

नेपल्सजवळचं पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथं खोदताना एका घरात ही मूर्ती सापडली. लोकांनी तिला लक्ष्मी म्हटलं. आता बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात.

मग ती आपल्याकडची कशावरून? १९७३ मध्ये भोकरदनला उत्खनन झालं. तिथं हस्तिदंताची तशीच एक स्त्रीमूर्ती तुटलेल्या अवस्थेत मिळाली. तशीच एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही आहे. म्हणून पाँपेईची बाई भोकरदनच्या कारागिरांनी घडवली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

एवढ्या लांब ती गेली कशी? त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचा. पैठणहून भडोचला वीस दिवस लागायचे. तिथून पुढे जहाज. आपल्या कन्नड तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी याच व्यापाराच्या वाटेवरची. पैठणच्या एका अत्तर विकणाऱ्यानं तिथं दान दिल्याचा लेख खांबावर कोरलेला आहे.

आपला भाग कोपऱ्यातला, मागासलेला, असं आपण सारखं ऐकतो. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र इथलं काम रोमी लोकांच्या घरात शोभत होतं.

हे कळलं ते जुन्या वस्तीच्या मातीतून. गावोगावच्या पांढरीत अशीच जुनी वस्ती गाडलेली असते, आणि तीच माती आपण घर सारवायला, शेतात टाकायला ट्रॉली भरभरून नेतो. आम्हा बायांचं म्हणणं एवढंच: पांढर उकरू नका, उकरू देऊ नका. विहीर खणताना, नांगरताना मणी, नाणं, मूर्ती निघाली तर घासूनपुसून देव्हाऱ्यात ठेवू नका, विकू तर नकाच. जागा लक्षात ठेवा आणि तहसील कार्यालयात कळवा. वस्तू कुठं सापडली हे हरवलं, की तिची अर्धी गोष्ट हरवते.