ब्लूमची वर्गवारी आणि महाविद्यालयीन लेखनकार्य

विचारकौशल्यांच्या चढत्या पातळ्यांनुसार लेखी स्वाध्याय आखण्याची पद्धत. अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम (१९१३–९९) व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची वर्गवारी प्रसिद्ध केली. लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांच्या संपादनाखाली २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन व नवनिर्मिती या तिच्या सहा पातळ्या होत.

प्रश्नातील क्रियापद अपेक्षित विचारप्रक्रिया सुचवते. उदा., १९२९ नंतरच्या अमेरिकेतील महामंदीवर पुढीलप्रमाणे लेखनकार्य देता येते : प्रमुख घटना कालक्रमाने नोंदवा (स्मरण), बँका बुडाल्याने बेकारी कशी वाढली, ते स्वतःच्या शब्दांत सांगा (आकलन), अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचा मागणीविषयक विचार या स्थितीला लावा (उपयोजन), मंदीच्या कारणांचे परस्परसंबंध उलगडा (विश्लेषण), राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मंदीनिवारण कार्यक्रमाचे यश निकष ठरवून तपासा (मूल्यमापन), पर्यायी धोरणाचा मसुदा लिहा (नवनिर्मिती).

मूल्यमापनाच्या प्रश्नाचे उत्तर केवळ माहितीच्या भरण्यावर तपासल्यास त्या प्रश्नाचा हेतूच फसतो. म्हणून गुणदानाचे निकषही त्याच पातळीचे असावे लागतात. पातळ्या प्रत्यक्ष विचारात एकमेकींत मिसळतात. त्यामुळे हा क्रम लवचीकपणे वापरणे इष्ट ठरते.