रमजान, गॅसचं बिल आणि दोन तारखा

२०२२ मध्ये ईदनंतर मुंबईत पाइप गॅसची बिलं आली, तेव्हा अनेक घरांत ठपका सहरी-इफ्तारवर, म्हणजे शेवटी स्वयंपाक करणाऱ्या बाईवर आला. मला हा आळ तपासावासा वाटला.

बिल म्हणजे युनिट गुणिले दर. रमजानात युनिट थोडे वाढतातच. पण त्या वर्षी खरी उडी दराची होती.

देशातल्या जुन्या विहिरींच्या गॅसची किंमत नोव्हेंबर २०१४ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशियातल्या भावांवरून ठरत होती. बारा महिन्यांची सरासरी काढायची, मध्ये एक तिमाही सोडायची आणि दर सहा महिन्यांनी नवा दर लावायचा. त्यामुळे १ एप्रिल २०२२ ला २.९० डॉलरचा दर ६.१० झाला, तो २०२१ च्या महागाईचा हिशेब होता. युक्रेन युद्धाची झळ ऑक्टोबरच्या ८.५७ डॉलरमध्ये आली. राज्याने १ एप्रिललाच व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, पण दिलासा टिकला नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सूत्र बदलून या गॅसला ६.५० डॉलरची कमाल मर्यादा घातली.

रमजान सुरू झाला ३ एप्रिलला. दोन तारखा शेजारी आल्या आणि डोळ्यांसमोर असलेल्यावर आळ गेला. इतिहासात हे वारंवार घडतं. म्हणून आधी युनिट गेल्या रमजानशी ताडून पाहा, मग दर. घरात जाब विचारायचा तर त्यानंतर.