रिकामं आसन

सुख कुठं मिळतं? आपण पंढरी गाठतो, मार्कंड्याला वैनगंगेत बुडी मारतो, चैत्रात महाकालीच्या यात्रेला चंद्रपूरला जातो. एका पोरानं ते चिमूरच्या रानात शोधलं, त्याची कथा ऐका.

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्म. नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज गुरू. त्यांनीच ‘तुकड्या’ म्हटलं. पोर घर सोडून रामदिघी, गोंदेड्याच्या जंगलात राहिलं. वाघाचं रान बरं का, आजही! तिथं देव भेटला असेल तर बाहेर यायचं कशाला? पण महाराज आले, हाती खंजिरी घेऊन. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर पेटलं. महाराजांच्या भजनांनी लोक उठले असं सरकारनं धरलं आणि त्याच महिन्यात त्यांना अटक केली. नागपूर, रायपूरचा तुरुंग घडला.

त्यांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना लावली. समोर मूर्ती नाही, नुसतं आसन. सगळ्या जातीधर्मांनी एका सतरंजीवर बसायचं.

खरं सांगतो, मी पोथीत वाढलेला, मला हे पटलं नव्हतं. देवाशिवाय देऊळ? छे! मग माझी माय गेली. त्या साली कीर्तनाला उभा राहिलो की शब्द फुटेना. चिमूरकडच्या एका गावी यजमानांनी संध्याकाळी प्रार्थनेला नेलं. डावीकडं गोंड आजा, उजवीकडं बांगड्या विकणारे मुसलमान चाचा. मागं एक बौद्ध मास्तर. त्यांच्या वडिलांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेली.

मी आज्याला हळूच विचारलं, “आजा, तिथं तर कोणीच नाही, तुम्ही कोणाला हात जोडता?”

आजा म्हणाला, “आमचा पेरसा पेन कुठं दिसते बाप्पा? आमी झाडापाशी जातो, तो तिथं असते. आता इथं बसला हाये.”

चाचा हसले. “आमच्या मशिदीतही समोर भिंतच आहे महाराज.”

मास्तर काही बोलले नाहीत. डोळे मिटून बसले होते.

मी आसनाकडं पाहिलं. तिथं मला माय दिसली, जात्यावर बसलेली. पाणी आलं डोळ्याला. चाचांनी खांद्यावरचा गमछा पुढं केला. मी तोंड पुसलं, आणि प्रार्थना सुरू झाली.