गारंबी ते बेगमपुरा : कल्पनेतल्या गावांवर आमचाही हक्क



पुस्तकातल्या कोणत्या गावात जाऊन राहायला आवडेल, असे मराठी वाचकाला विचारले तर उत्तरे साधारण ठरलेली असतात. कुणी गारंबी म्हणते, कुणी बनगरवाडी, कुणी तुंबाड. इंग्रजी वाचणारा मालगुडीचे नाव घेतो. फुलचूरच्या वस्तीतल्या शाळकरी पोरांना आम्ही हाच प्रश्न विचारला, तेव्हा पहिले नाव हॉगवर्ट्सचे आले. पोरांच्या आवडीत काही वावगे नाही. पण त्या यादीत आपल्या वस्तीसारखी दिसणारी एकही जागा नव्हती. असे का झाले, याचा इतिहास तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

काही जण म्हणतील, चळवळीपुढे एवढे प्रश्न असताना कादंबरीतल्या गावांची चर्चा कशाला? आमचे म्हणणे असे की, माणूस ज्या गावात मनाने फिरून येतो, त्या गावाची घडी त्याला हळूहळू स्वाभाविक वाटू लागते. तिथे वाडा मधोमध असेल आणि वस्ती गावकुसाबाहेर असेल, तर तीच रचना त्याच्या मनातही पक्की होते. म्हणून कल्पनेतल्या गावाचा नकाशा कुणी काढला, हा सामाजिक प्रश्न आहे.

सुरुवातीपासून पाहू. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात गरोदर कुणब्याची बायको आहे, तिला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे. शेतकऱ्याचे घर साहित्याच्या मध्यभागी आले ते इथे. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. दोन वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. यमुना आणि तिचा नवरा प्रवास करतात आणि वाटेत विधवांची दुःखे पाहतात. त्या काळात हे धाडसच होते. पण तो प्रवास प्रामुख्याने उच्चवर्णीय घरांच्या ओट्याओट्यांवरून होतो. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे आमंत्रण आले, तेव्हा जोतीरावांनी ते नाकारले. जे लोक शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या ग्रंथांचा आणि आमच्या जगण्याचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या पत्राचा रोख होता. कादंबरीतले गाव कुणाचे, हा वाद इतका जुना आहे.

आता लाडक्या गावांकडे वळू. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची. खोताच्या पदरी राबणाऱ्या गरीब बापाचा पोर बापू सगळ्या गावाला पुरून उरतो, ही कथा वाचकांनी डोक्यावर घेतली. पुढे १९८७ मध्ये ‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड आले. जगबुडी नदीच्या काठावरच्या खोत घराण्याच्या पिढ्यांची ती गोष्ट. खाडी, पोफळी, वाडे, शापित घराणी यांची वाचकावर भुरळ पडते, आणि पेंडशांची लेखणी तेवढी समर्थ आहे हे आम्ही नाकारत नाही.

पण हाच दापोली-खेडचा मुलूख आणखी एका इतिहासाचा आहे. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झाले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध करून त्यांनी अस्पृश्यतेला जाहीर प्रश्न विचारले. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ याच दापोलीत राहिले. बाल भीमरावाच्या बालपणाचा एक तुकडा तिथला आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. आणि ज्या खोतीच्या वाड्यांत मराठी वाचक हरवून जातो, ती खोती मोडण्याचे विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कुळवाडी होते, महार होते. खोती संपवणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले.

एकाच मातीतून दोन नकाशे निघाले. एकात खोताचा वाडा आहे आणि त्याच्या वैभवाची, पडझडीची हुरहूर आहे. दुसऱ्यात वेठीला धरलेली कुळे आहेत, शाळेबाहेर बसवलेली पोरे आहेत, मुंबईची वाट धरलेला मोर्चा आहे. पहिला नकाशा मराठी वाचकाच्या मनात घर करून बसला. दुसरा आपल्या भाषणांत आणि अभ्यासग्रंथांत राहिला. मोर्चाची तारीख आपल्याला पाठ असते. पण त्या मोर्चाला निघालेल्या एखाद्या बाईने मागे राहिलेल्या लेकरांसाठी चुलीवर काय ठेवले होते, हे तारीख सांगत नाही. ते कादंबरी सांगू शकते.

‘बनगरवाडी’चे प्रकरण थोडे वेगळे आहे आणि तिच्याशी न्यायाने वागले पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो आणि शेवटी दुष्काळात वाडीच उठून जाते. इथे वाडा नाही, जहागीरदार नाही. मेंढके आहेत, रामोशी आहे. मराठी वाचकाला ही माणसे एवढ्या जवळून फार कमी जणांनी दाखवली होती. तरीही पाहणारे डोळे मास्तरचे आहेत. तो बाहेरून आला आणि बाहेर निघून गेला. वाडीतल्या पोराला मास्तर कसा दिसला असेल, ही दुसरी कादंबरी लिहायची राहिलीच.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याबद्दल जे परखड मत मांडले, ते या पुस्तकांशेजारी ठेवून वाचावे. काही सदस्य ग्रामपंचायतीला राज्यघटनेचा पाया करू पाहत होते. बाबासाहेबांनी विचारले की, संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता जिथे साचली आहे त्या खेड्यात गौरव करण्यासारखे काय आहे? पुढची काही वर्षे मराठीत ग्रामीण साहित्याला बहर होता. देशाने ज्याचे बोलणे ऐकून राज्यघटनेत व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवले, त्याच माणसाचा खेड्याबद्दलचा इशारा मराठी ललित साहित्याने फारसा मनावर घेतला नाही.

अपवाद होता, आणि तो मोठा होता. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. वाटेगाव हे वाळवा तालुक्यातले त्यांचे स्वतःचे गाव. या कादंबरीत मांगवाडा गावाच्या कडेला ढकललेला नाही, कथेचा आस तोच आहे. राणोजी जोगणीसाठी जीव देतो ते गावाच्या मानासाठी, आणि त्याचा मुलगा फकिरा दुष्काळात धान्य लुटतो ते वस्तीच्या पोटासाठी. वाचक वाटेगावात शिरतो तो मांगवाड्याच्या वाटेने. एवढ्या एका बदलाने गाव वेगळे दिसू लागते. त्याआधी १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊंनी सांगितलेच होते की, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि कामगारांच्या तळहातावर तरली आहे. ‘फकिरा’ म्हणजे त्या वाक्याचा नकाशा आहे.

नंतर १९६३ मध्ये बाबुराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि आत्मकथनांची लाट उसळली. ‘उपरा’, ‘जिणं आमचं’, ‘अक्करमाशी’, पुढे ‘आयदान’. आपल्या विदर्भातून वसंत मून यांचे ‘वस्ती’ आले. नागपूरच्या महार वस्तीतले आखाडे, समता सैनिक दल, सभा, भांडणे आणि हसणे हे सारे त्यात आहे. मुंबईचा कावाखाना आणि नागपूरची वस्ती या जागा आता जगभरच्या वाचकांना ठाऊक झाल्या आहेत.

या पुस्तकांचे ऋण फेडता येणार नाही. पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कावाखान्यात वाचक जातो तो पुरावा पाहायला. न्यायाधीश जसा घटनास्थळी जातो, तसा. साक्षीदाराला कल्पना करण्याची मुभा नसते. त्याने एक वाक्य जरी रचले, तरी समोरचा म्हणतो, बघा, हे खोटे बोलतात. म्हणून आपल्या लेखकांना चाळीस-पन्नास वर्षे खरे तेवढेच सांगत राहावे लागले. बाजारालाही ते सोयीचे ठरले. वस्तीतला पोरगा लिहू लागला की त्याला सल्ला मिळतो, तुझे आत्मकथन लिही, तुझे दुःख लिही. त्याला एखादे नगर रचायचे असेल, त्यात गल्ल्या काढायच्या असतील, नदी वळवायची असेल, तर तो सल्ला देणारा गप्प होतो. कल्पना करणे हे इतरांचे काम आणि भोगणे तेवढे आपले, ही साहित्यातली वर्णव्यवस्थाच झाली.

इथे आपल्यातलेच काही साथी हरकत घेतील. स्वर्ग, वैकुंठ, पुराणे या सगळ्या कल्पनाच होत्या आणि त्यांनीच आपल्याला गुलाम केले, मग बुद्धाचा विवेकी मार्ग धरणाऱ्यांनी पुन्हा कल्पनेच्या नादी का लागावे? हरकत वजनदार आहे. उत्तर असे की, पुराण हे कल्पना असून स्वतःला सत्य म्हणवते. कादंबरी पहिल्या पानापासून सांगते की मी रचलेली आहे, मला तपासा, पटले नाही तर मिटून ठेवा. यातला फरक हाच विवेकाचा फरक आहे. जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त पुराण फेकून दिले नाही. ते उलटे वाचले आणि वामनाच्या पायाखालून बळीचे राज्य बाहेर काढले. शेतकऱ्याच्या घरात दिवाळीला ज्याच्या राज्याची इच्छा बोलून दाखवतात, तोच हा बळी.

आणि त्याच्याही कितीतरी आधी संत रविदासांनी बेगमपुरा वसवला. दुःख नसलेले शहर. तिथे कराची धास्ती नाही, दुय्यम-तिय्यम दर्जाचा माणूस नाही, कुणी कुठेही मोकळेपणाने फिरू शकतो. चर्मकाराच्या घरी जन्मलेल्या माणसाने पाचशे वर्षांपूर्वी नागरिकत्वाची केवढी कल्पना केली! ज्याला भर रस्त्यातून चालायची मनाई होती, त्याने आधी रस्ताच मनात बांधला. १९०५ मध्ये बेगम रुकैया हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिले आणि बायकांच्या हाती कारभार असलेला देश उभा केला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पोरांनी २०१८ मध्ये चित्रपटगृहात वाकांडा पाहिला. कधीही गुलाम न झालेला आफ्रिकी देश पडद्यावर बघताना त्यांना काय वाटले असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता फुलचूर. गोंदिया शहराला लागून असलेले हे गाव. १ मे १९९९ पर्यंत आपण भंडारा जिल्ह्यात होतो. कोकणात खोत होते, तसे आपल्या झाडीपट्टीत मालगुजार होते. आज ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते माजी मालगुजारी तलाव. नावात मामा आहे, पण तलावाची माती कुणी वाहिली, पाणी आधी कुणाच्या बांधीला गेले, याच्या गोष्टी अजून वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. धानाचे राइस मिल, तेंदूपाने, बिडी वळणाऱ्या बायका, हावड्याकडे आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या, मंडईच्या रात्री उभी राहणारी नाटके, मराठीत मिसळलेली झाडीबोली, पोवारी, हिंदी, गोंडी. कादंबरीला आणखी काय लागते?

आणि इतिहास म्हणाल तर १९५४ घ्या. भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत स्वतः बाबासाहेब उभे होते. ते हरले. घटनेच्या शिल्पकाराला ज्या मुलखाने परत पाठवले, तो आपला मुलूख आहे. निकालाच्या रात्री वस्त्यांतल्या चुली पेटल्या का? कुणी कुणाला दोष दिला? अडीच वर्षे पूर्ण होण्याआधीच, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. हरलेल्या त्या रात्रीपासून दीक्षाभूमीपर्यंतची वाट या माणसांनी मनात कशी कापली? मतमोजणीच्या कागदात याचे उत्तर मिळणार नाही. ते रचावे लागेल. ऐकून, तपासून, जबाबदारीने रचावे लागेल.

म्हणून तरुण साथींना आमचे सांगणे आहे. गारंबी वाचा, बनगरवाडी वाचा, हॉगवर्ट्सही वाचा. वाचताना विचारा की या गावात आपली वस्ती कुठे आहे आणि नसेल तर का नाही. मग वही घ्या. वस्तीतल्या आजी-आजोबांना १९५४ बद्दल, तलावांबद्दल, मालगुजाराच्या वाड्याबद्दल विचारा आणि त्यांच्या बोलीत उतरवून ठेवा. गावाचा नकाशा काढा. विहार मधोमध ठेवायचे की तलाव, हे तुम्ही ठरवा. गावाचे नाव फुलचूर ठेवा किंवा नवे द्या. येत्या १४ एप्रिलला भाषणांच्या स्पर्धेबरोबर प्रत्येक वस्तीने एक कथास्पर्धाही ठेवावी आणि तिचा विषय एकच असावा : आमचे गाव, जसे होते आणि जसे असायला हवे.

पुढच्या पिढीतल्या एखाद्या पोराला कुणी विचारेल की पुस्तकातल्या कोणत्या गावात जायला आवडेल, तेव्हा त्याच्या यादीत आपल्या हाताने वसवलेले एक तरी गाव असले पाहिजे. ते काम आपले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!