कुजवलेली मते आणि कोर्टाची पायरी

निवडणूक हरलेला माणूस कोर्टात गेला की आपल्याकडे लगेच शेरा पडतो : रडीचा डाव! जनतेने कौल दिला, आता वकील कशाला? हा शेरा ऐकला की मला बाबासाहेबांची १९५२ची निवडणूक याचिका आठवते. ज्यांनी घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्यांनाच पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर त्या घटनेच्या ३२९व्या कलमाचा दरवाजा ठोठवावा लागला. त्या पराभवाविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ हळहळ झाली. याचिकेविषयी मात्र फारच थोडे बोलले गेले.

मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मते. पण एका उमेदवाराला एकच देता येई. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे, तीत पत्रिका टाकायची. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक मोजली जाई, दुसरी बाद. अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी ही पद्धत सोपी म्हणून आणली होती. पण तिच्यात फसवणुकीलाही जागा होती.

शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. राखीव जागेसाठी बाबासाहेब, सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता. निकाल असा लागला : काँग्रेसचे विठ्ठल गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काँग्रेसचेच नारायणराव काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६, कम्युनिस्ट नेते डांगे ९६,७५५. काजरोळकरांपेक्षा मेहतांना जास्त मते होती, तरी राखीव जागा काजरोळकरांची. बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले. आणि बाद झालेली मते ७४,३३३! पराभवाच्या फरकाच्या पाचपट.

बाबासाहेब आणि मेहता यांनी मिळून याचिका केली. आरोप असा की डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरे मत कुजवण्याचा प्रचार केला. ही ७४,३३३ मते कोणाची होती, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि ती सगळी बाबासाहेबांचीच होती असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. परंतु प्रश्न त्याहून मोठा होता. ज्या माणसाला हजारो वर्षांत पहिल्यांदा मत मिळाले, त्याच्या हातातले अर्धे मत त्यालाच वाया घालवायला लावणे, ही निवडणूक म्हणायची का? वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांनी त्याचे उत्तर द्यायला हवे होते. लवादाने याचिका फेटाळली. निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे सिद्ध करण्याची कायद्याची अट कठीण होती, आणि लवादाचा निर्णय अंतिम. उच्च न्यायालयात अपिलाची सोय १९५६मध्ये आली.

बाबासाहेब हरले ते मतपेटीत आणि नंतर लवादातही. राज्यसभेत जाऊन ते पुन्हा बोलू लागले. १९५४मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. तोही द्विसदस्य मतदारसंघ. आपले दुसरे मत कुजवावे, असे कार्यकर्त्यांनी सुचविले आणि बाबासाहेबांनी ते ठाम नाकारले, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. मेहता निवडून आले, बाबासाहेब भाऊराव बोरकरांकडून पडले. स्वतःविरुद्ध वापरलेले हत्यार त्यांनी हातात घेतले नाही.

द्विसदस्य मतदारसंघाची दुसरी कथा आंध्रातल्या पार्वतीपुरमची, १९५७ सालची. तेथे दोन आदिवासी उमेदवारांनी दोन्ही जागा जिंकल्या, आणि व्ही. व्ही. गिरी ५६५ मतांनी पडले. सूरी दोरा या आदिवासीने सर्वसाधारण जागा जिंकलीच कशी, हा त्यांचा तक्रारीचा मुद्दा. शिवाय, हे दोरा आता स्वतःला क्षत्रिय म्हणवतात, तेव्हा ते आदिवासीच नाहीत, असेही म्हणणे होते. म्हणजे राखीव जागेत राहा, नाहीतर आदिवासी राहू नका! १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोरांची निवड कायम केली. निकाल आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी लिहिला. स्वतःला क्षत्रिय म्हटल्याने जात बदलत नाही, ती ठरते जन्माने, हे त्यात नमूद झाले. आपल्या बाजूच्या निकालातही जातिव्यवस्थेचा हा कबुलीजबाब आहेच. दोनच वर्षांत, १९६१मध्ये, संसदेने द्विसदस्य मतदारसंघ मोडीत काढले. कारणे अनेक सांगितली गेली. राखीव उमेदवार सर्वसाधारण जागाही घेऊ लागले, ही बोचणी त्यामागे नव्हती असे मला वाटत नाही.

हेच गिरी १९६९मध्ये राष्ट्रपती झाले. त्यांच्याही निवडीला आव्हान मिळाले आणि १९७०मध्ये राष्ट्रपतिपदावर असताना ते सर्वोच्च न्यायालयात साक्षीला उभे राहिले. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. लोकशाहीत असेही घडू शकते.

कारण त्यानंतर पाचच वर्षांत त्याच्या उलट घडले. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने रायबरेलीतील इंदिरा गांधींची निवड रद्द केली. राजनारायण यांची याचिका १९७१ची. निकालाला चार वर्षे लागली. २५ जूनला आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये निवडणूक कायदा मागील तारखेपासून बदलला गेला आणि ३९व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवड न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली. पुष्कळसे विरोधी सदस्य तेव्हा तुरुंगात होते. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतले चौथे पोटकलम रद्द केले, पण बदललेल्या कायद्याच्या आधारे निवड वैध ठरवली. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने ते ३२९-अ कलमच निघून गेले.

१९५२मध्ये हरलेल्याने कोर्टात दाद मागितली, फेटाळली गेली आणि त्याने ते मान्य केले. १९७५मध्ये जिंकलेल्याने कोर्टच बंद करू पाहिले. रडीचा डाव कोणाचा?

१९६६पासून याचिका थेट उच्च न्यायालयात जातात. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदाच म्हणतो, तरी कित्येकदा लोकसभेची मुदत संपत येते आणि याचिका पडूनच असते. बाबासाहेबांच्या याचिकेचा निवाडा इलेक्शन लॉ रिपोर्ट्सच्या पहिल्या खंडात छापलेला आहे. कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तो काढून वाचावा आणि त्यावर मराठीत लिहावे.