वाड्यातील बिऱ्हाडे

पुण्याच्या वाड्यांचा इतिहास आम्ही पेशव्यांपाशी थांबवतो. तेथे नंतर नांदलेल्या भाडेकरूंचा विसर पडतो. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. पुढे अनेक वाड्यांत खोलीखोलीत बिऱ्हाडे आली; चौक, नळ, संडास सामाईक झाले. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. कारकून-कारागिरांना भर पेठेत छप्पर मिळाले. पण कायद्याने भाडेकरूची मिळकत पाहिली नाही. गरीब विधवा आणि सधन दुकानदार यांना एकच संरक्षण! दुरुस्तीचा खर्च मात्र मालकाच्या माथी. वाडे खचले. १९६१ च्या पानशेत पुरात कित्येक पडले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. तोवर उशीर झाला होता. आम्ही विचारतो, विश्रामबागवाडा जपणाऱ्या शहराने गरिबाची खोली कोणाच्या भरवशावर सोडली?